सीटवरचा पिवळा डबा

"नाही डॉक्टर, हे पॅड आज घालायचे नाहीत. ब्रेक ऑइल बदलून देतो, डिस्क पुसून देतो, आणखी काय सांगाल ते करतो. पॅड मात्र उद्या, ट्रॅकच्या गेटाच्या आत. मी येतो की तिकडं पान्हा घेऊन."

"अरे बाबा, उद्या आठला पहिली फेरी. तू तिथं गाडी जॅकवर चढवून बसणार आणि बाकीचे माझ्या नाकासमोरून चकरा मारणार. आजच घालून टाक. गाडी काय, दारातच उभी राहणार आहे."

"दारातून ट्रॅकपर्यंत विमानानं नेणार का?"

दातांचे डॉक्टर हसले. गोरा, गोल माणूस. दोन दारांची पांढरी गाडी घेऊन त्यांना वर्ष झालं होतं आणि अजून ते तिच्यावर हात फिरवल्याशिवाय दार उघडत नसत. त्यांनी पॅडचं नवं पाकीट उचललं, एक पॅड बाहेर काढला आणि चिमटीत धरला.

"हे बघ, किती जाड आहेत. कोरे. आणि म्हणे घालायचे नाहीत."

"जाडीचं मला नका सांगू. जाडी बघूनच सगळे फसतात."

एवढं बोलून तो थबकला. दुकानाच्या दाराशी बाकावर त्याचा धाकटा भाऊ चहाचा कप घेऊन बसला होता. पंधरा महिन्यांत आज पहिल्यांदा तो दुकानात आला होता.

"मग हे कशात फसवतात?" डॉक्टरांनी विचारलं. "थंड असताना थोडे उशिरा लागत असतील, एवढंच ना? सोमवारी बायको हीच गाडी घेऊन दवाखान्यात जाणार आहे, ती चालवते बैलगाडीच्या चालीनं. तिला काय फरक पडतो?"

'हो, थोडे उशिरा लागतात' एवढं म्हणून सुटता आलं असतं. डॉक्टर पॅडचं पाकीट ठेवून निघून गेले असते, बाकावरच्यानं चहा संपवला असता. त्यानं फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"उशिरा नाही डॉक्टर. लागतच नाहीत. थंडपणी पहिल्यांदा पाय मारलात की पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी तशीच पुढं जाते. तुम्ही सावकाश असा नाहीतर जोरात. दुसऱ्यांदा जरा ऐकते. चार-पाच वेळा मारलं, पॅड तापले, की मग खिळा ठोकल्यागत थांबते. आणि बघणारा म्हणतो, काय ब्रेक आहेत. म्हणून सोमवारी वहिनींच्या हातात ही गाडी अशी द्यायची नाही. मी देऊ देणार नाही."

डॉक्टरांनी पॅड पाकिटात ठेवला. "बरं बाबा. शेकोटी म्हणतात ते उगाच नाही तुला," असं म्हणाले आणि संध्याकाळी न्यायला येतो सांगून चालत गेले.

शेकोटी हे नाव ट्रॅकवरचं. शहराबाहेर बंद पडलेली एक धावपट्टी होती. तिला वळणं जोडून कुणीतरी अडीच किलोमीटरचा ट्रॅक केला होता आणि महिन्यातून एका रविवारी तिथं हौशी लोक आपापल्या वेगवान गाड्या घेऊन जमायचे. त्यात बहुतेक दवाखानेवाले, कारखानेवाले. त्यांच्यात हा एकच असा, ज्याच्या नखात ग्रीस असायचं. नवीन कुणी आला की हा त्याच्या खिडकीत डोकं घालून सांगायचा, "पहिल्या दोन फेऱ्या सावकाश. ब्रेक शेकून घ्या आधी. तुम्ही पुढं बसलात म्हणून चाकं गरम होत नाहीत." रंगाच्या कारखान्याच्या मालकानं एकदा वैतागून म्हटलं, "ही शेकोटी आली परत." झालं. बारसं झालं ते झालंच. पुढं पावतीपुस्तकावरही कुणीतरी तेच नाव घातलं.

बाप बस डेपोत ब्रेकचे ड्रम उघडणारा मिस्त्री. डेपोच्या चाळीत दोन पोरं वाढली. थोरला बापाच्या मागं दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरला, धाकटा बसच्या चाकामागं बसला. बाप म्हणायचा, एकानं चालवायची आणि एकानं थांबवायची, घरातल्या घरात सोय झाली. धाकट्यानं वीस वर्षं शहरभर बस चालवली आणि वीस वर्षांत कुणाच्या सायकलीचं मडगार्डसुद्धा वाकवलं नाही. डेपोच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, हार न घातलेला, जिवंत माणसाचा.

थोरल्यानं डेपो सोडून घराखाली ब्रेकचं दुकान टाकलं. आणि पस्तिशीत त्याला खूळ लागलं. कुणीतरी खांबावर घातलेली निळी गाडी, पुढचा भाग चुलीत घातल्यासारखा, ती त्यानं ओढून आणली. सहा वर्षं तिच्याखाली झोपून काढली. बायको म्हणायची, "नवरा हवा असला की मला जॅक लावावा लागतो." गाडी उभी राहिली. इंजिन मोठं, अंग हलकं, आवाज असा की गल्लीतली कुत्री आधीच वाट सोडायची.

ती चालवण्यातलं सुख काय, ते त्याला सांगता यायचं नाही. एकदाच तो भावाला म्हणाला होता, "तिसऱ्या वळणाला सगळे जिथं पाय मारतात ना, तिथून पुढं मी तीन गाड्यांचं अंतर तसाच जातो. तेवढ्या तीन गाड्यांत डोक्यात काहीच नसतं. दुकान नाही, बाप मेला ते नाही, काहीच नाही. मग पाय मारतो आणि ती थांबते. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या थांबवल्या, ही माझ्यासाठी थांबते." भाऊ म्हणाला, "मी बस थांबवतो तेव्हा पन्नास माणसं पुढं येऊन पडतात आणि शिव्या देतात. तुझंच बरं आहे."

तर पॅड. ट्रॅकवरचे पॅड वेगळे, रस्त्यावरचे वेगळे. ट्रॅकच्या पॅडची पाठ पिवळी, रस्त्याच्या पॅडची काळी. त्यानं बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे घेतले, ट्रॅकच्या पॅडसाठी पिवळा रंगवला, रस्त्याच्या पॅडसाठी पांढरा. ट्रॅकवर पोचलं की पॅड बदलायचे, निघताना पुन्हा बदलायचे. आणि कधी चुकून ट्रॅकचे पॅड गाडीत राहिलेच तर रिकामा पिवळा डबा चालवणाऱ्याच्या सीटवर ठेवायचा. डबा सीटवर असेल तर गाडीत कुणी बसायचं नाही. हा घरातला कायदा. बायकोला पाठ, भावाला पाठ. चार वर्षांत डबा सीटवर ठेवायची वेळ दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा किल्लीला कुणी हात लावला नाही.

पंधरा महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी तो एका फेरीत एक मिनिट पन्नास सेकंदांच्या आत आला. चार वर्षं या आकड्याच्या मागं लागला होता. रंगवाल्या मालकाच्या गाडीची किंमत त्याच्या दुकानाच्या चौपट, आणि तो मागं राहिला. लोकांनी त्याला उचलला, खांद्यावरून फिरवला. पाठ दुखत होती, डिस्क निखाऱ्यासारख्या तापलेल्या होत्या. त्याला वाटलं, गुरुवारी कारखानेवाल्यांनी ट्रॅक भाड्यानं घेतलाय, आपल्याला बोलावलंय, कशाला चार दिवसांसाठी खोलाखोली. ब्रेक गरम होते तोवर तो सांभाळून घरी आला. डबा सीटवर ठेवला. कायदा पाळला.

सोमवारी दुकान बंद ठेवून त्यानं गाडी धुतली. गरज नव्हती. पण येणारा-जाणारा विचारत होता, पन्नासच्या आत आलास म्हणे, आणि गाडीवर धूळ बरी दिसत नव्हती. सीट पुसायला म्हणून डबा उचलला, खिडकीच्या कट्ट्यावर साबणाच्या बादलीशेजारी ठेवला. तो तिथंच राहिला.

मंगळवारी सकाळी पावणेसहाला धाकट्याच्या मोटारसायकलची साखळी थोरल्याच्या दारापुढंच तुटली. सव्वासहाला त्याची पहिली बस सुटायची. थोरला आंघोळीला गेला होता. वहिनीनं खाली जाऊन गाडीच्या काचेतून आत बघितलं. सीटवर डबा नव्हता. तिनं किल्ली दिली.

धुतलेल्या डिस्कवर रात्रीत गंजाचा पापुद्रा आलेला, वर दव, आणि पॅड थंडगार. उताराच्या शेवटी पावाच्या दुकानाचं वळण. निवृत्त पोस्टमन सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता, हँडलला पावाची पिशवी. धाकटा चाळीसच्या वेगात असेल. त्यानं पाय मारला. पोस्टमन तिसऱ्या दिवशी गेला.

"पाय मारला, पेडल दगडासारखं लागलं, गाडी थांबली नाही," धाकट्यानं सांगितलं. हवालदार कंटाळून म्हणाला, "सगळ्यांचीच थांबत नसते." वाहन तपासनीस आला. नीट काम करणारा माणूस होता. चाक काढून त्यानं पॅडची जाडी मोजली, भरपूर होती. मग गाडी आवारात आठ-दहा चकरा फिरवली, अधेमधे ब्रेक दाबत दाबत, पेडल कसं आहे बघत. आणि मग सरळ पट्ट्यात वेग घेऊन करकचून थांबवली. चाकांनी जमिनीवर रेघ उठवली. खाली उतरून म्हणाला, "असे ब्रेक मी माझ्या नोकरीत बघितले नाहीत." कागदावर तसं लिहिलं.

तेव्हा दोघं भाऊ कुंपणाशी शेजारी शेजारी उभे होते. थोरला चकरा मोजत होता. तिसऱ्या चकरेलाच त्याला कळलं होतं की पॅड आता तापले. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. मग पोस्टमन गेल्याची बातमी आली आणि उद्या कधी उगवलाच नाही. दोन महिन्यांनी पोलिसांकडून गाडी सुटली. त्यानं ट्रॅकचे पॅड काढले, काळे घातले आणि गाडी भंगारात दिली. पिवळा डबा ऑइलच्या पिंपामागं सारला. धाकट्याची बस गेली. तो आता डेपोत बस धुतो.

आज तो सांगायला आला होता की सोमवारी कोर्टात तारीख आहे. वकीलबाई म्हणतात, चूक कबूल कर, शिक्षा कमी होईल. तो कबूल करणार होता. आत जावं लागलं तर दोन्ही पोरींच्या शाळेकडं दादानं लक्ष ठेवावं, धाकटीला गणित येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते त्यानं डॉक्टर यायच्या आधीच म्हणून टाकलं होतं.

डॉक्टर गेले तरी तो उठला नाही. शेकोटीनं पांढरी गाडी जॅकवर घेतली. ब्रेकमधलं जुनं ऑइल काढायला दोन माणसं लागतात, एक आत पेडलवर, एक खाली चाकाशी. एरवी बायको बसायची.

"जरा पाय देतोस?" त्यानं विचारलं. का विचारलं, देव जाणे.

धाकटा उठला. कप बाकाखाली ठेवला. "उभ्या गाडीत बसायला लायसन लागत नाही ना?" म्हणाला आणि आत बसला.

शेकोटी मागच्या चाकाशी आडवा झाला. नळी लावली, बाटलीत सोडली, पान्हा बसवला.

"दाब."

"दाबलाय."

पान्हा फिरला, काळपट ऑइल नळीतून आलं. पान्हा आवळला. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा सोड. लहानपणी डेपोच्या खड्ड्यात बाप असंच करून घ्यायचा, एक पोरगं वर, एक खाली. तीन चाकं झाली. दोघांत शब्द तेवढे दोनच.

चौथ्या चाकाला वरून आवाज आला. "दादा."

"दाब."

"दाबलाय. दगडासारखं, असं मी हवालदाराला सांगितलं होतं. तपासनीसालाही तेच सांगितलं. दगड."

पान्हा फिरला.

"आत्ता डॉक्टरांना तू तोच शब्द सांगितलास."

नळीतून ऑइल येत होतं, आता स्वच्छ, पिवळसर.

"त्या मंगळवारी कुठले पॅड होते?"

'रस्त्याचे.' हा शब्द पंधरा महिने त्याच्या जिभेवर तयार होता. विचारलंच तर द्यायचा म्हणून. त्याचा हात पान्ह्यावर होता, नाकाशी चाक होतं, आणि भावाचं तोंड दिसत नव्हतं.

"ट्रॅकचे," तो म्हणाला.

पेडलवरचा पाय उचलला गेला. चाकाशी ऑइल सोडायचं तोंड उघडंच राहिलं आणि नळीनं गुळगुळ करत हवा आत ओढली. तीन चाकांची मेहनत पाण्यात. शेकोटीनं पान्हा आवळला, पण उशीर झाला होता. तो खालून सरकून बाहेर आला आणि जमिनीवरच बसला.

धाकटा दार उघडून उभा होता. "डबा नव्हता सीटवर."

"गाडी धुतली होती. खाली काढून ठेवला, परत ठेवला नाही."

"तुला कधी कळलं?"

"पक्कं कळलं ते तपासनीस चकरा मारत होता तेव्हा."

"माझ्या शेजारी उभा होतास तू. माझी बाही तुझ्या बाहीला लागत होती."

"हो."

धाकट्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी घरी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसतो. पोरीला सांगतो, टाळी वाजव, आणि टाळी ऐकली की पाय मारतो. किती वेळ लागतो ते बघायला. पहिल्यांदा पोरी हसायच्या, त्यांना खेळ वाटायचा. आता टाळी वाजवायला कुणी येत नाही." तो थांबला. "पोस्टमनच्या बायकोकडं गेलो होतो. म्हणालो, काकू, माझा पाय उशिरा पडला. तिनं मला चहा दिला. माफ केलं म्हणाली. कशाबद्दल माफ केलं रे तिनं मला?"

शेकोटी फडकं शोधत होता. फडकं त्याच्या मांडीवरच होतं.

"सोमवारी मी येतो," तो म्हणाला.

"येऊन काय करणार? जजसाहेबांचं ऑइल बदलणार?"

"सांगतो सगळं. पंचनाम्यात फोटो आहे. चाकाच्या आऱ्यांतून पॅडची पाठ दिसते. पिवळी आहे. आजवर कुणी विचारलं नाही, पिवळी का."

"तू बघितलास तो फोटो."

"दोनदा."

धाकट्यानं मान हलवली, समजल्यासारखी. बाकाखालचा कप उचलला, नळाखाली धरून धुतला आणि कट्ट्यावर पालथा ठेवला. ही त्यांच्या आईची सवय. मग दारात जाऊन, रस्त्याकडं तोंड करून म्हणाला, "साडेदहाला आहे. उशीर करू नकोस."

तो गेला. वळणापर्यंत दिसत होता. पावाच्या दुकानापाशी नेहमीसारखा रस्ता बदलून पलीकडून गेला.

जिन्यावर बायको उभी होती. कधीपासून, ते तिनं सांगितलं नाही. ती खाली आली, पिंपामागं हात घातला आणि पिवळा डबा काढला. वर धूळ नव्हती. तिनं तो पुसून ठेवलेला होता.

"हा घेऊन जा सोमवारी," ती म्हणाली. "पॅड आतच आहेत."

"तुला माहीत होतं?"

"बुधवारी कपाट झाडायला पांढरा डबा उचलला. जड लागला. रिकामा असायला हवा होता ना, काळे पॅड गाडीत असते तर."

"मग बोलली का नाहीस?"

"किल्ली मी दिली होती अहो," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल, मग मी बोलेन, असं धरून बसले. तुम्ही काही बोलला नाहीत, माझं बरं चाललं."

तिनं डबा कट्ट्यावर ठेवला. रंग एका कोपऱ्यात उडाला होता आणि खालून बिस्किटांच्या जाहिरातीतलं हसरं मूल अर्धं दिसत होतं. सोमवारनंतर दुकान राहील का, राहिलं तर ब्रेकचं काम त्याच्याकडं कोण देईल, पोलीस आधी त्याला धरतील की तिला विचारतील, यातलं कुणीच काही काढलं नाही. भावाचं लायसन परत मिळेलही. भाऊ परत मिळेल असं दोघांपैकी कुणाला वाटत नव्हतं.

"डॉक्टर पाचला येणार आहेत," शेकोटी म्हणाला. "चारही चाकांत हवा शिरली असेल. पहिल्यापासून करावं लागेल."

ती गाडीकडं गेली. साडीचा पदर खोचला, पायातली चप्पल बाहेर काढून ठेवली आणि आत बसली. सीट पुढं ओढून घेतली, कारण तिचा पाय पोचत नव्हता. त्यानं बाटलीत नवं ऑइल ओतलं, लांबच्या चाकापासून सुरुवात केली, कारण तशीच करायची असते. आडवा झाला, नळी बसवली, पान्हा लावला.

"दाब."

"दाबलाय."

"सोड म्हणेपर्यंत पाय उचलू नकोस."

"नाही उचलत," ती म्हणाली.

नळीतून आधी बुडबुडे आले, बराच वेळ बुडबुडेच. त्यानं पान्हा आवळला.

"सोड. परत दाब."